यात्रेत कोणाच्या पावलाने चालावे?

मैदानी प्रदेशात राहणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात खरा पर्वत बहुधा एकदाच येतो, आणि तोही देवाच्या निमित्ताने येतो. नोकरी, व्यापार, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न यांतून थोडी सवड मिळाली की श्रीकेदारनाथाच्या दर्शनाचा संकल्प होतो. आणि ज्याने आजवर घराच्या जिन्यापलीकडे चढण म्हणून काही पाहिले नाही असा मनुष्य वृद्ध आई, पत्नी, मुलगा व सून यांना बरोबर घेऊन एके पहाटे गौरीकुंडाहून पायी निघतो. संकल्प शुद्ध असतो यात शंका नाही. परंतु संकल्पाची शुद्धी निराळी, आणि त्याच्या पूर्तीसाठी घटकेघटकेला जे निर्णय करावे लागतात त्यांची शुद्धी निराळी. घरी देवपूजा करताना ही दुसरी शुद्धी कसाला लागत नाही; कारण तेथे कोणाला धाप लागत नाही व कोणी मागे पडत नाही. डोंगराच्या वाटेवर ती पहिल्या दोन तासांतच कसाला लागते.

प्रश्न वरवर साधा दिसतो. पाच जण निघाले आणि पाचांची पावले पाच प्रकारची. मुलगा भराभर पुढे जाऊन वळणावर वाट पाहत उभा राहतो व मनातून कंटाळतो. आई दर शंभर पावलांवर टेकते व मनातून ओशाळते. अशा वेळी कुटुंबाने कोणाच्या पावलाने चालावे? त्यांतील एकाने ‘आता माझ्याने होत नाही’ असे म्हटले, तर ते दुर्बलतेचे वाक्य समजून त्याला धीर द्यावा, की ते सत्य समजून सर्वांनी थांबावे? मंदिर चार-पाच किलोमीटरांवर आले असताना मागे फिरणे याला त्याग म्हणावे की पलायन?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी वाटेचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. कारण धर्मनिर्णय वस्तुस्थिती सोडून करता येत नाही. गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटर उंचीवर आहे व केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर. म्हणजे एका दिवसात सुमारे १,६०० मीटरची चढण होते. २०१३ च्या जूनमध्ये १६ व १७ तारखेस मंदाकिनीला जो प्रलयंकर पूर आला, त्यात वाटेवरील रामबाडा हे ठिकाण नामशेष झाले आणि जुनी सुमारे १४ किलोमीटरची वाट मोडली. त्यानंतर नदी ओलांडून लिंचौलीवरून जाणारी नवी वाट झाली, ती सुमारे १६ किलोमीटरांची आहे. पायांचे कष्ट सर्वांना आधीपासून ठाऊक असतात व त्यांची तयारीही लोक करतात. ठाऊक नसते ती गोष्ट हवेची. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. सुमारे २,५०० मीटरच्या वर, जो मनुष्य शरीराला सवय होण्यास वेळ न देता चढतो, त्याला डोकेदुखी, मळमळ, ओकारी, अन्नद्वेष, झोप न येणे असा विकार होऊ शकतो. विशेष हे की हा विकार अशक्ताला होतो व सशक्ताला होत नाही असा नियम मुळीच नाही. रोज व्यायाम करणारा पंचवीस वर्षांचा तरुण आडवा होतो आणि सत्तरीची म्हातारी सावकाश चालून मंदिराच्या दारी पोचते, असे घडते; किंबहुना तरुण वेगाने चढतो म्हणूनच तो अधिक वेळा सापडतो.

आता गीतेकडे वळू. अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात भगवान श्रीकृष्णांनी एका प्रकारच्या त्यागाचा स्पष्ट निषेध केला आहे. कर्म दुःखदायक आहे असे वाटून, शरीराला क्लेश होतील या भयाने जो ते टाकतो, त्याचा त्याग राजस होय व त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. डोंगर चढणाऱ्यांच्या तोंडी हा श्लोक नेहमी येतो. पाय दुखतात म्हणून बसू पाहणाऱ्याला उठवण्यासाठी तो योजला जातो, आणि तो योजणे सर्वस्वी चूक आहे असेही नव्हे. पोटऱ्यांत गोळे येणे, धाप लागणे, पाऊस अंगावर घेणे हे सारे सोसण्याजोगे आहे. ज्याला ते सोसण्याची सवय नाही त्याला या वाटेवर प्रथमच कळते की, मन ‘पुरे’ म्हणते त्यानंतरही शरीरात बरेच बळ शिल्लक असते. हा लाभ लहान नाही. ज्याने आयुष्यभर खुर्चीत बसून काम केले त्याला पन्नाशीत हा अनुभव यावा, ही यात्रेची मोठीच देणगी होय.

तथापि या श्लोकाच्या उपयोगात दोन गोष्टी दुर्लक्षिल्या जातात. पहिली अशी की, तेथे विषय नियत कर्माचा आहे. केदारनाथाची यात्रा गृहस्थाचे नित्यकर्म नव्हे. ती श्रद्धेने स्वीकारलेली गोष्ट आहे. याउलट आपल्या आश्रितांचे रक्षण हे मात्र त्याचे नियत कर्म आहे, आणि ते घरी जितके नियत तितकेच डोंगरावर नियत. तेव्हा सुनेच्या ओकाऱ्यांकडे पाहण्याचा त्रास नको म्हणून जो सासरा ‘चल, थोडेच राहिले’ म्हणतो, तो ज्या श्लोकाचा आधार घेतो त्याच श्लोकाच्या कचाट्यात स्वतः सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच अध्यायाचा पंचविसावा श्लोक. तामस कर्म कोणते हे सांगताना भगवंतांनी चार गोष्टींकडे न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म असे म्हटले आहे : अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. या चार शब्दांचे मराठी करताना अनुवादकाला थबकावे लागते, विशेषतः शेवटच्या शब्दापाशी. मराठीत पौरुष म्हटले की मर्दानगी, पराक्रम असा अर्थ मनात उभा राहतो. श्रीशंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा अर्थ अगदी निराळा आहे : हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन की नाही याचा अंदाज, म्हणजे स्वतःच्या शक्तीचे यथार्थ माप. ज्या शब्दाने मराठी माणूस छाती पुढे काढतो त्याच शब्दाने गीता त्याला आपली छाती किती हवा घेते ते मोजायला सांगते! अनुबंध म्हणजे मागाहून येणारा परिणाम. क्षय म्हणजे बळाचा व धनाचा व्यय. हिंसा म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा. आणि हे माप केवळ स्वतःचे घेऊन भागत नाही. कुटुंबप्रमुख जेव्हा पाच जणांच्या वतीने ‘चला’ म्हणतो तेव्हा ते कर्म पाच शरीरांनी होणार असते. म्हणून पौरुषही पाचांचे मोजले पाहिजे, आणि ते सर्वांत जो अशक्त त्याच्यावरून मोजले पाहिजे. वरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आले. कुटुंब सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालते. ज्याला ते मान्य नसेल त्याने एकट्याने यावे, त्यात कोणताही दोष नाही.

उरलेले अर्धे उत्तर कठीण आहे. कारण ‘होत नाही’ हे वाक्य आळसाचेही असते व व्याधीचेही असते, आणि दोन्हींचा उच्चार सारखाच. येथे शास्त्रवचनापेक्षा निरीक्षण उपयोगी पडते. थकवा विश्रांतीने उतरतो. पाव तास बसून, गरम चहा व दोन घास पोटात गेले की थकलेला मनुष्य स्वतः उठतो. उंचीचा विकार तेवढ्याशा बसण्याने उतरत नाही, आणि वर चढू लागताच वाढतो. डोके दुखत आहे, अन्न नको वाटते, ओकारी होते, अशा मनुष्याने आणखी वर जाता कामा नये. आराम पडला नाही तर खाली उतरावे. आणि ज्याचा तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप थांबत नाही, त्याला त्याच क्षणी खाली नेले पाहिजे. रात्र आहे, दर्शन उरले आहे, पैसे भरले आहेत यांपैकी एकही कारण तेथे चालत नाही. असा मनुष्य ‘मी ठीक आहे’ असे म्हणत असतो, हे अधिक भयंकर. कारण ज्या बुद्धीने त्याने हे ओळखायचे तीच बुद्धी झाकोळलेली असते.

यावरून आणखी एका गोष्टीचा विचार प्राप्त होतो, आणि ती सर्वांत नाजूक आहे. समजा, अशा एका कुटुंबातील सुनेचे डोके भीमबलीपासूनच दुखत आहे. ती बोलत नाही. सासऱ्यांनी दोन वर्षे पैसे साठवले, सासूबाईंनी हळदीकुंकवाला साऱ्या आळीत सांगितले. आपल्या एकटीमुळे सर्वांचे दर्शन चुकावे हे तिला सहन होत नाही. ती तोंडावर हसू ठेवून चालते, मागच्या वळणावर ओकते व पदराने तोंड पुसून पुढे येते. पुष्कळांना हा त्याग वाटेल. घरी परतल्यावर तिचे कौतुकही होईल, जर ती परतली तर. वस्तुतः हा त्याग नव्हे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य, प्रिय व हितकर भाषण एकत्र सांगितले आहे. येथे प्रियासाठी सत्य व हित दोन्ही टाकले गेले. आपले दुखणे लपवणारा बरोबरच्या चौघांकडून, त्यांच्या नकळत, एक अधर्म घडवीत असतो. तिने स्पष्ट सांगितले पाहिजे होते.

पण येथेच थांबून तिच्यावर ठपका ठेवणे हा मोठा अन्याय होईल. तिला गप्प बसावेसे का वाटले? ज्या घरात मिठाचे प्रमाण चुकल्याचे सांगायलाही सुनेला धीर करावा लागतो, त्या घरात डोके दुखते म्हणून पाच जणांची यात्रा थांबवण्याचा धीर तिला लिंचौलीच्या चढावर एकाएकी कोठून येणार? तिचे मौन डोंगरावर जन्मलेले नाही. ते घरून बरोबर आलेले आहे, सामानातल्या लोकरीच्या कपड्यांप्रमाणे. म्हणून जो गृहस्थ कुटुंबासह अशा वाटेला निघतो त्याने निघण्यापूर्वीच, घरी, सर्वांदेखत सांगून ठेवावे की वाटेत ज्याला त्रास होईल त्याने बोलावे व त्याच्या बोलण्यावर वाद होणार नाही. आणि त्याने स्वतः प्रथम बोलून दाखवावे. पन्नाशीचा प्रमुख जेव्हा ‘मला धाप लागली, थांबू या’ असे मोकळेपणाने म्हणतो, तेव्हा इतर चौघांची तोंडे उघडतात. अहंकाराचा लोप म्हणून ज्याची चर्चा घरी गालिच्यावर बसून होते, त्याचे हे एक अगदी व्यवहारी रूप आहे, आणि ते गालिच्यावरच्या चर्चेपेक्षा पुष्कळ अवघड जाते.

कोणी असे म्हणेल की, महाभारतात युधिष्ठिर तर मागे न पाहता चालत राहिला. महाप्रस्थानाच्या वेळी हिमालयाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन व शेवटी भीम. तरीही तो थांबला नाही. हा दाखला यात्रेत खरोखरच दिला जातो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. पांडव तेव्हा राज्य परीक्षिताला सोपवून, गृह्याग्नी विसर्जित करून, वल्कले नेसून, देह पडेपर्यंत चालण्यासाठी निघाले होते. तो गृहस्थाश्रमाचा शेवट होता. ती यात्रा नव्हती. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याने महाप्रस्थानाचा दाखला देऊ नये.

पांडवांची गृहस्थपणाची हिमालययात्रा वनपर्वात आहे, आणि ती वाचली म्हणजे चित्र पालटते. आरंभीच लोमश ऋषी युधिष्ठिराला सांगतात की बरोबरची माणसे कमी कर, हलका हो. तेव्हा युधिष्ठिर भूक, तहान व वाटेचे श्रम ज्यांना सोसवणार नाहीत अशांना परत पाठवतो. त्यात त्यांचा अपमान होतो असे कोणालाही वाटत नाही. पुढे पर्वताच्या पायथ्याशी कुलिंदराज सुबाहूच्या राज्यात रथ, सेवक व आचारी मागे ठेवले जातात. त्याआधी युधिष्ठिर भीमाला असेही सुचवतो की तू द्रौपदीला घेऊन गंगाद्वारी थांब. पण अर्जुनाच्या भेटीची ओढ तिलाही तितकीच आहे, आणि भीम म्हणतो, जेथे तिला चालवणार नाही तेथे मी तिला वाहीन. म्हणजे वाट पाहून, बळ पाहून, विचारविनिमय करून ते निघाले आहेत. तरीही गंधमादनाच्या मार्गावर वादळ होते आणि ते ओसरल्यावर थोड्याच अंतरावर द्रौपदी कोसळते. नकुल धावून तिला सावरतो. युधिष्ठिर तिला मांडीवर घेतो. ज्या हातांना धनुष्याच्या दोरीचे घट्टे पडले होते त्या हातांनी नकुल-सहदेव तिचे पाय चेपतात. आणि त्या वेळी युधिष्ठिर काय बोलतो? ती अशक्त आहे असे म्हणत नाही. आपल्या द्यूतामुळे हिच्यावर ही वेळ आली, असा दोष स्वतःकडे घेऊन शोक करतो. मग भीम घटोत्कचाचे स्मरण करतो. घटोत्कच द्रौपदीला उचलून घेतो व त्याच्या बरोबरचे राक्षस पांडवांना आणि ब्राह्मणांना उचलून घेतात. ज्यांनी पुढे कुरुक्षेत्र जिंकले त्यांनी येथे दुसऱ्याच्या खांद्यावर बसण्यात कमीपणा मानला नाही.

आजच्या गृहस्थाला घटोत्कच नाही. त्याला कंडीवाला आहे. पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून तो चढ चढणारा हा मनुष्य गढवालचा किंवा नेपाळचा असतो, आणि दांडीला चौघे लागतात. वृद्ध आईला कंडीत बसवणे यात पुण्य घटते असे मानण्याचे कारण नाही, हे वरील कथेवरून स्पष्टच आहे. परंतु हिंसेचा विचार येथे शिरतो, जो गीतेने त्या चार गोष्टींत गणला आहे. वाहणाऱ्याचाही श्वास त्याच हवेतून चालतो. जो यात्रेकरू मंदिरात मूठभर नोटा ठेवतो व दोनशे रुपयांसाठी कंडीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालतो, त्याने आपल्या दानाची पुन्हा मोजणी करावी. खेचरांची स्थिती तर याहून दयनीय आहे. दिवसातून एकाहून अधिक खेपा, पाठीवर जखमा, पाणी नाही. आणि वर बसलेला मनुष्य नामजप करीत असतो. ज्याला खेचर घ्यावेच लागते त्याने त्याची पाठ व पाय पाहून घ्यावे, वाटेत त्याला पाणी मिळेल असे पाहावे आणि लंगडणाऱ्या जनावरावर बसू नये. जनावर ‘होत नाही’ असे म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने ते बसणाऱ्यानेच ओळखायचे असते.

राहता राहिला मागे फिरण्याचा प्रश्न. त्यात दुःख नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. चार किलोमीटरांवरून परतताना जे वाटते ते कोणत्याही युक्तिवादाने नाहीसे होत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात या मार्गावर आरंभाचा नाश नाही असे आश्वासन आहे. तथापि ते बुद्धियोगाविषयी आहे, अर्धवट चाललेल्या वाटेविषयी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. श्लोकाला त्याच्या जागेवरून ओढून काढून मनाचे समाधान करणे बरे नव्हे. ज्याने अहंकाराने चढावे व नाइलाजाने उतरावे, त्याचे काही शिल्लक राहते असे गीता म्हणत नाही. मात्र जो समबुद्धीने निघाला आणि आजारी माणसासाठी फिरला, त्याचा योग त्या फिरण्यातच चालू राहतो. त्या आश्वासनाचा अधिकार त्याला आहे.

आणि तीर्थाचे फळ कोणाला मिळते, याविषयी वनपर्वातच पुलस्त्यांनी भीष्मांना सांगितलेले आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत तो तीर्थफळाचा धनी होतो, असा त्याचा भाव आहे. हातांचा संयम व मनाचा संयम यांवर प्रवचने पुष्कळ होतात. पायांचा संयम म्हणजे वाईट ठिकाणी न जाणे, एवढाच अर्थ सामान्यतः सांगतात. परंतु पाय पुढे जाऊ शकत असताना, पुढे जाणे प्रिय असताना, कोणासाठी तरी ते थांबवता येणे, हाही पायांचा संयमच नव्हे काय? या अर्थाने पाहिले तर जो मुलगा वळणावर उभा राहून कंटाळला होता त्याची साधना त्याच वळणावर चालू होती, त्याला ती ठाऊक नव्हती इतकेच.

व्यवहारात सर्वांनीच परतण्याची गरज बहुधा पडत नाही. एक जण आजाऱ्याबरोबर खाली उतरतो, बाकीचे पुढे जातात. मग कोणी उतरावे यावर तिढा पडतो; नवरा म्हणतो मी, सासू म्हणते मी. येथे वयाचा किंवा नात्याचा नियम लावण्यापेक्षा ज्याच्याजवळ आजारी मनुष्य संकोच न करता ओकू शकेल, रडू शकेल, त्याने उतरावे हे बरे. आणि जे पुढे जातात त्यांनी दर्शन घेऊन, विलंब न लावता, त्यांच्याकडे यावे. ज्यांना वेळ आहे त्यांनी मुळातच ही चढण एका दिवसात न करता वाटेत लिंचौलीला एक रात्र काढावी. देव भाऊबीजेपर्यंत तेथेच असतो, आणि त्यानंतर ऊखीमठात त्याची पूजा चालते.

२०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाला मान्यता दिली आहे. तो झाल्यावर आठ-नऊ तासांची वाट सुमारे ३६ मिनिटांत संपेल व कोणाच्या पावलाने चालावे हा प्रश्न उरणार नाही, असे काहींना वाटते. पायांपुरते ते खरे आहे. मंदिराची उंची मात्र ३,५८३ मीटरच राहील, आणि शरीराला सवय होण्यास जे थोडे तास पायी वाटेवर मिळतात तेही मिळणार नाहीत. त्या डब्यातून उतरल्यावर घटकाभराने रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या सुनेचे डोके दुखू लागेल, आणि ती सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहील.